सिक्लिड कोणाशेजारी नांदतो?



शोभेच्या माशांच्या दुकानात गेलात की एक टाकी हमखास दिसते. पिवळे, निळे, केशरी, काळ्या पट्ट्यांचे, बोटाच्या दोन पेरांएवढे साठ-सत्तर मासे एकाच काचेत दाटीवाटीने फिरत असतात. वर चिठ्ठी असते, ‘मिक्स आफ्रिकन’. भांडण नाही, पाठलाग नाही. गिऱ्हाईक रंग बघून आठ मासे निवडतं, प्रत्येक रंगाचा एकेक. घरी दोन-तीन महिने सगळं गोडीगुलाबीने चालतं. मग एक दिवस त्यांतला एक मासा फिल्टरच्या नळीमागे दडून राहायला लागतो. त्याच्या शेपटीच्या चिंध्या झालेल्या असतात. पुढच्या काही आठवड्यांत आठाचे पाच होतात, पाचाचे दोन. दुकानदाराने आजारी मासे दिले, असं आपण म्हणून मोकळे होतो. मासे बहुधा ठणठणीत होते. दुकानात ते गप्प होते कारण अजून वयात आलेले नव्हते, आणि त्या गर्दीत कोणालाच स्वतःची अशी जागा धरता येत नव्हती. आपल्या घरी त्यांना वयही मिळालं आणि जागाही.

हे मासे सिक्लिड कुळातले. घरच्या टाकीसाठी सिक्लिड निवडताना कोणाला कोणाबरोबर ठेवावं, याबद्दल आज बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रंगांचा संच जमवायला जाऊ नका. आधी एकच मासा ठरवा. तो कुठल्या पाण्यातला, त्या पाण्यात नेमका कुठे राहतो, काय खातो, पुरता वाढल्यावर केवढा होतो, हे विचारून घ्या. मग त्याला खपतील असेच शेजारी आणा.

सिक्लिडांचं कुळ फार मोठं आहे. सतराशेच्या वर जातींना शास्त्रीय नावं मिळाली आहेत आणि नव्या जातींची भर पडतेच आहे. आफ्रिका, दक्षिण आणि मध्य अमेरिका, मादागास्कर, आणि भारत-श्रीलंका असा त्यांचा पसारा. होय, भारतसुद्धा. गोव्यात आणि तळकोकणात खाजणातली काळुंदर मिळते ना, ती सिक्लिडच. केरळात तिला करीमीन म्हणतात. २०१० साली तिला त्या राज्याचा मासा म्हणून मान मिळाला. आणि आपल्या धरणांतली चिलापी हीही सिक्लिडच, फक्त ती मूळची आफ्रिकेची. १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली. म्हणजे ज्यांनी कधी टाकी ठेवली नाही, त्यांच्याही ताटात सिक्लिड येऊन गेला असण्याची शक्यता आहे.

या कुळाचा एक गुण सगळीकडे सारखा: हे मासे पिल्लांची काळजी घेतात. पुष्कळ मासे अंडी टाकतात आणि निघून जातात. सिक्लिड अंड्यांवर पहारा देतात, त्यांना पंखांनी वारा घालतात. काही जातींत तर मादी अंडी आणि पिल्लं तीन-तीन आठवडे तोंडात सांभाळते आणि तोवर जवळजवळ उपाशीच राहते. पिल्लं वाढवायची तर जागा लागते, आणि जागा मिळाली की ती राखावी लागते. सिक्लिडांची भांडणं मुख्यतः यातून उगवतात. बांधावरून होणारी भांडणं ज्यांनी गावी पाहिली आहेत त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. टाकीतल्या प्रत्येक नराच्या डोक्यात एक सातबारा असतो, आणि त्याची नक्कल आपल्याला बघायला मिळत नाही.

ऑस्ट्रियाचे कोनराड लॉरेन्झ हे प्राण्यांच्या वर्तनाचे मोठे अभ्यासक. १९७३ चं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर मिळालं. आक्रमकतेवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी सिक्लिडांची एक हकीकत दिली आहे. टाकीत जोडी जमली की बाकीचे मासे बाहेर काढायचे, म्हणजे जोडपं सुखात राहील, असा समज होता. व्हायचं उलटंच. शेजारी उरला नाही की नराचा सगळा राग मादीवर निघायचा, आणि कधी कधी ती मरायचीही. मग तोडगा निघाला: एका टाकीत दोन जोड्या ठेवायच्या आणि मधे काच. दोन्ही नर काचेपलीकडच्या शत्रूवर धावून जात राहायचे आणि दोन्ही संसार नीट चालायचे. काचेवर शेवाळ चढून पलीकडचं अंधुक झालं, की नर पुन्हा बायकोशी फटकून वागायला लागायचा. म्हणजे काच पुसायची वेळ झाली!

हौशी लोकांसाठी यातलं शहाणपण असं, की सिक्लिडांचा राग घालवता येत नसला तरी तो वाटून देता येतो. मासे कमी म्हणजे भांडण कमी, हा हिशेब इथे लागू पडत नाही. टाकीत दोनच नर असले तर दुबळ्याचं मरण ठरलेलं. वीस मासे असले तर दांडगा नर एकाचाच पिच्छा पुरवू शकत नाही. एकामागे धावतो तोच दुसरा हद्दीत शिरतो. ही युक्ती मुख्यतः आफ्रिकेच्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिडांना लागू पडते, सगळ्यांना नाही.

आता पाण्याकडे येऊ, कारण निवडीची पहिली चाळणी पाण्याची आहे. पूर्व आफ्रिकेतली मलावी आणि टांगानिका ही दोन सरोवरं अतिशय खोल आणि जुनी. त्यांचं पाणी जड, क्षारयुक्त. मलावीचा पीएच साधारण आठाच्या आसपास, टांगानिकाचा नऊच्या जवळ. याउलट अमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळ्या पाण्याच्या नद्यांत पालापाचोळा कुजलेला असतो, पाणी अगदी हलकं, आणि पीएच सहाच्याही खाली. एकाला मानवणारं पाणी दुसऱ्याला बाधतं. आपल्याकडे पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या धरणांचं पाणी सहसा हलकं असतं, आणि बोअरवेलचं जड. साबणाला फेस येत नसेल आणि नळाच्या तोंडावर पांढरे थर बसत असतील, तर आफ्रिकेचे मासे निवडा. तुमचं अर्धं काम पाण्यानेच केलं आहे. हलक्या पाण्यातही हे मासे ठेवता येतात. तळाला प्रवाळाचा किंवा शिंपल्यांचा चुरा घातला की पाणी हळूहळू जड होतं. मात्र जड पाण्याला हलकं करणं खर्चिक आणि कटकटीचं. टाकीत पैदास झालेले एंजलसारखे अमेरिकन मासे बरंच काही सहन करतात, तरी सरोवरातले आणि नदीतले एका टाकीत कोंबू नयेत. पाणी जुळलं तरी त्यांचं खाणं जुळत नाही आणि दांडगाईही जुळत नाही.

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी घ्या. तिच्यात सुमारे २५० लिटर पाणी मावतं. नुसत्या पाण्याचंच वजन अडीचशे किलो, वर काच, वाळू आणि दगड. तेव्हा स्टँड मजबूत हवा. सिक्लिडांना उंचीपेक्षा तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं, कारण हद्दी तळावर आखल्या जातात. दुकानात उंच, नाजूक, वळणदार काचेच्या टाक्या मिळतात. दिवाणखान्यात छान दिसतात, सिक्लिडांच्या उपयोगाच्या नाहीत.

या चार फुटी टाकीत मलावीचे मबुना ठेवायचे असं समजू. मबुना म्हणजे सरोवराच्या काठच्या खडकांत राहणारे, दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत वाढणारे रंगीत सिक्लिड. दगडावरचं शेवाळ खरवडून खाणं हा यांतल्या बहुतेकांचा धंदा. टाकीत दगडांची मोठी रास हवी, जवळजवळ पाण्याच्या वरच्या पातळीपर्यंत, आणि तिच्यात बिळं आणि आडोसे भरपूर. दगड आधी काचेवर नीट बसवा आणि मग वाळू घाला. हे मासे वाळू उकरतात, वाळूवर ठेवलेला दगड घसरतो आणि काच जाते.

नावं लिहून घ्यायची असतील तर आता कागद घ्या. नवख्यांसाठी पहिला मासा यलो लॅब, म्हणजे पिवळाधमक, पाठीच्या पंखावर काळी रेघ असलेला. मबुनांत याच्याइतका सालस दुसरा क्वचितच. दुसरा रस्टी: जांभळट तांबूस, दुकानात फिका दिसतो म्हणून कोणी उचलत नाही, पण वाढल्यावर रंग खुलतो आणि स्वभाव शांत. तिसरा यलो टेल एसी: निळसर अंग, पिवळी शेपटी. सरोवरात हा बुडालेल्या ओंडक्यांवरचं शेवाळ खातो, टाकीत मधल्या पाण्यात थव्याने फिरतो, म्हणून खडकातल्यांशी त्याचा तंटा कमी. या तिघांचे प्रत्येकी सहा-सात मासे, एका नरामागे तीन-चार माद्या, असा बेत चार फुटांत चांगला जमतो. लहानपणी नर-मादी ओळखू येत नाहीत. तेव्हा प्रत्येक जातीचे आठ-दहा घ्या आणि मोठे झाल्यावर जास्तीचे नर कमी करा.

तिघांचे रंग वेगळे आहेत, हे लक्षात आलं असेल. रंगांचा विचार करायचा तो इथे. मबुना नराला सगळ्यांत जास्त चीड स्वतःसारख्या दिसणाऱ्या नराची येते, कारण तोच त्याच्या माद्यांवरचा खरा प्रतिस्पर्धी. दोन निळ्या, उभ्या पट्ट्यांच्या जाती एकत्र ठेवल्या की मारामारी तर होतेच, शिवाय संकरही होतो. संकराची पिल्लं ना धड या जातीची ना त्या, आणि ती पुढे विकली गेली की दुकानांत खरी जात सापडणं मुश्कील होतं. डेमासोनी नावाचा जेमतेम सात-आठ सेंटिमीटरचा निळा-काळा देखणा मासा आहे. एवढासा जीव, पण त्याचे नर एकमेकांना जगू देत नाहीत. ठेवायचे तर बारा-पंधरांचा जथा ठेवावा, नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नये.

दोन नावं टाळण्यासाठी लिहा: ऑराटस आणि केनयी. ऑराटसची पिल्लं पिवळ्या-काळ्या आडव्या पट्ट्यांची, फार गोजिरी. ‘मिक्स आफ्रिकन’मध्ये गिऱ्हाईक सगळ्यांत आधी तेच दाखवतं. पुढे नर काळपट होतो आणि टाकी ताब्यात घेतो. केनयीत पिल्लं आणि मादी निळी, नर पिवळा, स्वभाव तोच. हे दोन्ही मासे नवख्याने घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मलावीतच पीकॉक नावाचे दुसरे सिक्लिड आहेत, मोरासारखे निळे-तांबडे. ते वाळूवर राहतात. डोक्यावरच्या संवेदनशील छिद्रांनी वाळूतल्या किड्यांची हालचाल टिपतात आणि शिकार करतात. सरोवर एकच, पाणीही एकच, तरीही पीकॉक आणि मबुना हा जोड मला पटत नाही. मबुना चोवीस तास चळवळे, पीकॉक सावकाश. पहिले खाणं पळवतात, दुसरे दबून राहतात आणि त्यांचा रंग उतरतो. शिवाय पथ्य वेगळं. मबुनांना वनस्पतिजन्य खाणं हवं, स्पिरुलिनाचे दाणे, वाफवलेला पालक. गाईगुरांचं हृदय किंवा तत्सम जड मांसाहार दिला तर त्यांचं पोट फुगून ते मरतात. पीकॉकना कीटक आणि कोळंबी मानवते. पीकॉक ठेवायचे तर वेगवेगळ्या रंगांचे नुसते नर ठेवावेत, माद्या नकोत. माद्या सगळ्या जातींच्या सारख्याच करड्या, ओळखू येत नाहीत. आणि मादी नसली की नरांच्या तंट्याचं निम्मं कारण जातं.

एकच सरोवर पुरेसं नाही, याचा याहून कठोर दाखला टांगानिकाचा. तिथला फ्रंटोसा, कपाळावर टेंगूळ असलेला, ३० सेंटिमीटरपर्यंत वाढणारा मासा, पहाटेच्या अंधारात त्याच सरोवरातल्या झोपलेल्या सायप्रिक्रोमिस माशांना गिळतो. शेजारी मुळात एकमेकांचे भक्ष्य तर नाहीत ना, हा प्रश्न नेहमी विचारावा. आणि माशाच्या बाबतीत उत्तर सोपं असतं: तोंडात मावेल ते भक्ष्य.

घरात चार फुटांची जागा नाही? तर टांगानिकाचेच शंखवासी सिक्लिड बघा. सगळ्या सिक्लिडांत माझी पहिली पसंती यांनाच. मल्टिफॅसिएटस हा जगातल्या सगळ्यांत लहान सिक्लिडांपैकी एक; नर साडेचार सेंटिमीटर, मादी त्याहून लहान. सरोवराच्या तळाशी मेलेल्या गोगलगायींचे शंख साचलेले असतात, त्यांत हे राहतात. प्रत्येकाचा आपला शंख. तोंडाने वाळू उकरून शंख हवा तसा पुरतात, शेजाऱ्याची वाळू आपल्या अंगणात आली की परत नेऊन टाकतात. दोन फुटी टाकीत बारीक वाळू, पंधरा-वीस रिकामे शंख आणि सहा मासे एवढ्यावर वसाहत उभी राहते. आपल्या तळ्यांतल्या मोठ्या गोगलगायींचे शंख उकळून घेतले तरी चालतात. यांची पिल्लं आई-बापांच्या वस्तीतच वाढतात, कोणी त्यांना खात नाही. तीन फुटी टाकी असेल तर एका टोकाला दगडांची रास करून जुलिडोक्रोमिसची एक जोडी ठेवता येते. शंखवाले वाळू सोडत नाहीत, जुली खडक सोडत नाही. ब्रिकार्डी नावाचे सिक्लिड मात्र या टाकीत आणू नका. दिसायला राजस, मोठी भावंडं धाकट्यांची राखण करतात हे बघायला सुंदर, पण त्यांचं कुटुंब वाढत वाढत सगळी टाकी व्यापतं आणि इतरांना कोपऱ्यात ढकलतं.

दक्षिण अमेरिकेचा एंजल सगळ्यांच्या ओळखीचा. तो सिक्लिड आहे हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून त्याला निऑन टेट्रांच्या थव्यात सोडतात. वाढलेला एंजल रोज थोडे थोडे निऑन कमी करतो. पाच-सहा एंजल लहानपणी एकत्र घ्यावेत, त्यांची जोडी त्यांनाच जमवू द्यावी; जमली की बाकीच्यांसाठी दुसरं घर शोधावं. तिकडच्याच डिस्कस नावाच्या सिक्लिडला २८ ते ३० अंश उबदार पाणी लागतं, त्याच्या सोबतीला पाच सेंटिमीटरचा रॅम हा सिक्लिड शोभतो, कारण त्यालाही उबदारच हवं.

उरले ते पहिलवान. ऑस्कर दुकानात दोन इंचांचा असतो, वर्षभरात फूटभराच्या घरात जातो. तो चार फुटांत एकटाच, फार तर जोडीने. फ्लॉवरहॉर्न हा १९९० च्या दशकात मलेशियात तयार केलेला संकर. कपाळावरच्या टेंगळामुळे भाग्य उजळतं म्हणून वास्तूच्या नावाखाली तो चढ्या भावाने विकला जातो. भाग्याचं मला सांगता येणार नाही. शेजारी मात्र त्याला कोणताही चालत नाही, एवढं पक्कं. त्याला एकटाच ठेवावा.

मासे टाकीत सोडण्याचाही क्रम असतो. आधी सौम्य, शेवटी दांडगे. नवीन मासा एकेकटा आणू नका, चार-पाच एकदम सोडा आणि त्याआधी टाकीतले दगड हलवून मांडणी बदला. जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात, सगळे पुन्हा शोधाशोध करायला लागतात आणि नवागत त्या गडबडीत खपून जातो. एखादा मासा सतत वरच्या कोपऱ्यात दडत असेल तर आपण त्याला बाहेर काढतो. दुसऱ्या दिवशी दांडगा नवं गिऱ्हाईक शोधतो. काढायचं तर दांडग्याला काढा. आठवडाभर वेगळा ठेवून, दगड बदलून परत सोडला की तो नव्या गड्यासारखा बिचकून असतो. गर्दीची टाकी असेल तर फिल्टर जबरा हवा आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायलाच हवं, क्लोरीन काढलेल्या पाण्याने.

आपल्या मातीतला एक मासा सुचवून थांबतो. ऑरेंज क्रोमाइड, दक्षिण भारताच्या किनाऱ्यालगतच्या गोड्या आणि मचूळ पाण्यातला, काळुंदरीचा छोटा भाऊबंद, आठ सेंटिमीटरचा, हळदीसारखा पिवळा. त्याची पिल्लं आई-बापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात. काळुंदरीशी त्याचं नातं मजेशीर आहे: तिच्या अंगावरचे परजीवी तो वेचतो आणि संधी मिळाली की तिची अंडीही पळवतो. जड पाण्यात, तीन फुटी टाकीत पाच-सहांचा गट छान राहतो. परदेशी माशांमागे धावताना आपण याला विसरलो आहोत, याचं वाईट वाटतं.

आणि एक कळकळीची विनंती. निवड कितीही जपून केली तरी एखादा मासा जास्तीचा ठरतोच. त्याला तळ्यात, विहिरीत, नदीत सोडू नका. बाहेरून आणलेली चिलापी आपल्या जलाशयांत किती पसरली आहे, ते उजनीच्या मासळीबाजारात एकदा फेरी मारलीत तर दिसेल. नको झालेला मासा दुकानदार परत घेईल का, हे तो विकत घेण्याआधीच विचारून ठेवा. नाही म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.